सिएटल ते केचिकन: थंड पाण्यातून शिडाची बोट नेताना

सिएटलहून उत्तरेकडे निघायचं, कॅनडाच्या बेटांच्या आडोशाने सरकत राहायचं आणि अलास्कातल्या केचिकनला पोचायचं. अंतर साधारण 650 सागरी मैल. या मार्गाला इन्साइड पॅसेज म्हणतात. पुढे तो स्कॅगवेपर्यंत जातो, पण पहिल्या खेपेला केचिकन पुरे. व्हँकुव्हर बेट आणि त्याच्या उत्तरेची बेटं महासागर अडवून धरतात, त्यामुळे खरा उघडा समुद्र दोनदाच लागतो. म्हणूनच तीस ते चाळीस फुटांच्या साध्या बोटींतून दोन-तीन माणसं दर उन्हाळ्यात इथून जाताना दिसतात. सिएटल आणि व्हँकुव्हरच्या पट्ट्यात राहणारे, तलावात शीड हाताळायला शिकलेले आणि आता खाऱ्या पाण्याकडे बघणारे जे मराठी लोक आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रवासात शिडं कमी आणि इंजिन जास्त चालतं. उन्हाळ्यात चांगल्या हवेचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तरेला जाताना थेट तोंडावर. आग्नेयेचा वारा पाठीशी असतो खरा, पण बहुतेक वेळा तो पाऊस आणि कमी दाबाचा पट्टा घेऊनच येतो. रेस टू अलास्का नावाची एक शर्यत 2015मध्ये सुरू झाली. ती पोर्ट टाउनसेंडहून केचिकनपर्यंत, पूर्णपणे इंजिनाशिवाय. पहिल्याला 10,000 डॉलर आणि दुसऱ्याला सुऱ्यांचा संच! तो वेडेपणा त्यांना लखलाभ. आपण डिझेल भरून निघू.

कधी निघायचं, किती दिवस लागतात

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा. मे-जूनमध्ये गर्दी कमी आणि दिवस प्रचंड मोठा. केचिकनला जूनमध्ये सतरा तासांहून जास्त उजेड असतो. ऑगस्टमध्ये धुकं इतकं नेमाने येतं की स्थानिक लोक त्या महिन्याला ‘फॉगस्ट’ म्हणतात. सप्टेंबर उलटला की एकामागून एक वादळं सुरू होतात.

बोटीचा वेग सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल धरला आणि दिवसाला सहा-सात तास चाललात, तर साधारण चाळीस मैल पडतात. म्हणजे नुसतं चालायलाच सोळा-सतरा दिवस. त्यावर हवेसाठी थांबायचे दिवस वेगळे. एका बाजूच्या प्रवासाला चार आठवडे ठेवा. ज्याची सुट्टी तीन आठवड्यांची आहे आणि परतीचं विमान ठरलेलं आहे, त्याने हा मार्ग धरू नये. ठरलेली तारीख गाठायला नको त्या हवेत निघण्याचा मोह होतो, आणि या किनाऱ्यावर त्याची किंमत मोठी आहे. अशांनी बेलिंगहॅम किंवा अनाकॉर्टिसहून भाड्याने बोट घेऊन सॅन वान बेटं आणि गल्फ बेटं करावीत. पुढच्या वर्षी डेसोलेशन साउंड, आणि त्यानंतर केप कॉशन या भूशिराच्या पलीकडे. माझ्या मते हाच क्रम सगळ्यांसाठी बरा.

बोटीत काय हवं

पहिली गोष्ट हीटर. बाहेर दहा अंश, वर सततची रिपरिप आणि आत तीन माणसांचे श्वास, यात दोन दिवसांत गाद्या ओल्या होतात आणि तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात. डिझेलवर चालणारा, धूर नळीने बाहेर सोडणारा हीटर बसवून घ्या. गरम हवा फेकणारे हीटर केबिन पटकन तापवतात पण बॅटरी खातात. भिंतीवरची छोटी डिझेल शेगडी सावकाश तापते, विजेचा खर्च मात्र जवळपास नसतो. काहीही घेतलंत तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावाच, आणि थंडी वाजते म्हणून सगळी झडपं बंद करू नका.

रडार आणि एआयएस (आसपासच्या जहाजांची जागा रेडिओने दाखवणारं यंत्र) हवेत. धुक्यात क्रूझ जहाज कुठून येतंय हे कानांनी कळत नाही. आणखी एका सॅटेलाइट फोनपेक्षा एक चांगला नांगर जास्त कामाचा, त्यावर पुढे येतोच. इंधनाचे गाळणे, इंपेलर (इंजिन गार ठेवणाऱ्या पंपातलं फिरतं चाक) आणि बेल्ट यांचे जादा संच घ्या आणि ते स्वतः बदलून बघितल्याशिवाय धक्का सोडू नका. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाकडच्या पोर्ट हार्डीच्या पुढे शेकडो मैल मेकॅनिक सहज मिळत नाही.

कपड्यांत सुती काही नको. अंगालगत लोकर, वर फ्लीस, त्यावर पावसाळी जाकीट-पँट, आणि पायात गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट. अलास्कात एक्स्ट्राटफ कंपनीचे तपकिरी बूट मासेमारांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांच्या पायात दिसतात, ते उगाच नाही.

पाण्यात पडणं: याची तालीम आधी करा

कोकणच्या पाण्यात पोहून मोठा झालेला माणूस इथे सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला आपल्या पोहण्यावर विश्वास असतो. उत्तरेकडे उन्हाळ्यातही पाणी आठ ते बारा अंशांचं असतं. मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गीसब्रेश्ट यांनी थंड पाण्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि त्यातून एक-दहा-एक असं सूत्र रूढ झालं. पहिला एक मिनिट धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही आणि त्यात पाणी नाकातोंडात जातं. त्यानंतर सुमारे दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मग बोटं वळत नाहीत, दोर धरता येत नाही. थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस बुडतो तो बहुतेकदा गारठून नव्हे, तर पहिल्या काही मिनिटांतच, लाइफजॅकेट नसल्यामुळे.

म्हणून बोटीवरचा नियम साधा ठेवा: केबिनच्या बाहेर पाऊल टाकलं की लाइफजॅकेट अंगावर. एकट्याने पहारा असेल किंवा पुढे डेकवर जायचं असेल तर पट्टा अडकवलेला. पाण्यातून हात पोचेल अशी शिडी मागे असायला हवी. शांत खाडीत, लाइफजॅकेट घालून, एकदा स्वतः पाण्यात उतरून वर चढून बघा. मग दुसरा प्रयोग: दोघांपैकी जो हलका आहे त्याने जड माणसाला वर कसं काढायचं? सिएटलच्या खलाशांनीच विकसित केलेला लाइफस्लिंग नावाचा दोरासकटचा पट्टा आणि शिडाचे दोर ओढायच्या विंचची (हाताने फिरवायच्या रहाटाची) मदत यांनी ते जमतं, पण तालमीशिवाय नाही. 406 मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक पाठवणारं यंत्र, नोंदणी करून ठेवा. बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते आणि डोंगरांमुळे व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओही अडतो.

प्रवाहाचं घड्याळ

या मार्गाचं खरं गणित इथे आहे. उधाण आणि भांग आपल्याला ठाऊक असतात, मुंबईची भरतीही पाच मीटरपर्यंत चढते. इथे फरक असा की ते सगळं पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या फटींतून आत-बाहेर करतं. सहा नॉटची बोट आणि समोरून दहा नॉटचा लोंढा असेल तर तुम्ही मागे जाता, तेही भोवऱ्यांतून.

वाटेतल्या सेमूर नॅरोज या चिंचोळ्या फटीत प्रवाह पंधरा नॉटपर्यंत जातो. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता आणि त्याने कितीतरी जहाजं बुडवली. अखेर समुद्राखालून बोगदा खणून 5 एप्रिल 1958 रोजी तो सुरुंगाने उडवला. अणुस्फोट सोडले तर माणसाने ठरवून केलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी तो एक होता. खडक गेला, प्रवाह मात्र तसाच आहे.

वेळ कशी काढायची ते पाहा. भरतीचा तक्ता आणि प्रवाहाचा तक्ता वेगळे असतात. पूर्ण भरतीची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एकच असेल असं धरून चालू नका. अरुंद फटीत त्यांत मोठा फरक पडू शकतो. प्रवाहाच्या तक्त्यात त्या दिवशीची प्रवाह उलटण्याची वेळ, म्हणजे स्लॅक, शोधा. तक्त्यातली वेळ उन्हाळी आहे की प्रमाण, हे पानाच्या माथ्यावर वाचा. तिथे घोळ झाला तर गणित थेट एका तासाने चुकतं. अलास्कात शिरल्यावर घड्याळ आणखी एक तास मागे न्यायचंय, हेही लक्षात असू द्या.

सेमूरला भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि ओहोटीचा उत्तरेकडे. उत्तरेला जाणाऱ्याने भरती संपत आली असताना तोंडाशी पोचावं, स्लॅकच्या अर्धा तास आगेमागे फट ओलांडावी आणि मग ओहोटीच्या पाठबळावर पुढे निघावं. त्यासाठी कॅम्बेल रिव्हर किंवा गॉलंड हार्बरमध्ये आदल्या रात्री मुक्काम करा. पण पुढे एक गोम आहे. सेमूरच्या पुढच्या जॉन्स्टन स्ट्रेट या सामुद्रधुनीत तीच ओहोटी दुपारच्या वायव्य वाऱ्यावर समोरून आदळते आणि लाटा आखूड, उभ्या, भिंतीसारख्या होतात. तिथे वारा तीस नॉटपर्यंत जाणं उन्हाळ्यात नवलाचं नाही. म्हणून नुसती स्लॅक सापडून भागत नाही, ती पहाटेची असावी लागते. पहाटेची मिळत नसेल तर एक-दोन दिवस थांबा, कारण स्लॅकची वेळ रोज पुढे सरकते.

ज्यांना जॉन्स्टन टाळायचा आहे त्यांनी पूर्वेकडची मागची वाट धरावी: युकल्टा, गिलार्ड आणि डेंट हे तीन खळाळत्या प्रवाहाचे पट्टे एकाच स्लॅकच्या आसपास ओलांडायचे, मग ग्रीन पॉइंट आणि व्हर्लपूल. वाट लांब, वारा कमी, गणित जास्त. मला हीच जास्त आवडते.

हवा ऐकायची कशी

कॅनडाच्या किनाऱ्यावर व्हीएचएफच्या हवामान चॅनेलवर अंदाज सतत ऐकू येतो. वीस नॉटपासून ‘स्ट्रॉंग विंड’चा इशारा, 34 पासून ‘गेल’, 48 पासून ‘स्टॉर्म’. पण खरी मेजवानी म्हणजे दीपगृहांचे अहवाल. ब्रिटिश कोलंबियात अजूनही कित्येक दीपगृहांवर राखणदार राहतात आणि ते डोळ्यांनी पाहून सांगतात: आकाश कसं आहे, किती मैल दिसतंय, वारा किती, समुद्र कसा. अंदाज म्हणतो पंचवीस नॉट आणि पाइन आयलंडचा राखणदार म्हणतो आठ नॉट, समुद्रावर नुसत्या सुरकुत्या. अशा वेळी मी राखणदारावर जास्त भरवसा ठेवतो, पण पुढच्या चार तासांपुरताच.

नोंदवही ठेवा. वायुदाब, वारा आणि ढग रोज सकाळ-संध्याकाळ लिहिले की आठवड्याभरात आग्नेयेचा वारा यायच्या आधीची चिन्हं कळू लागतात.

मार्ग, टप्प्याटप्प्याने

पोर्ट टाउनसेंडहून वान द फूका सामुद्रधुनी सकाळी ओलांडा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. सॅन वान बेटांतून कॅनडात शिरून सीमाशुल्काची नोंद करा, मग गल्फ बेटांतून ननाइमो. वाटेत डॉड नॅरोज आहे, तीही स्लॅकलाच.

ननाइमोच्या बाहेर व्हिस्की गोल्फ नावाचं क्षेत्र नकाशावर आखलेलं दिसेल. तिथे नौदल पाणतीराच्या चाचण्या करतं. चालू असेल तर वळसा घालावा लागतो, रेडिओवर आधी ऐका. जॉर्जिया सामुद्रधुनी संपता संपता केप मज हे भूशिर येतं. आग्नेयेचा वारा आणि डिस्कव्हरी पॅसेजमधून बाहेर पडणारी भरती एकत्र आली की इथलं पाणी छोट्या बोटीला धोक्याचं होतं. वेळ हाताशी असेल तर उजवीकडे डेसोलेशन साउंडमध्ये चार दिवस घालवा. कॅप्टन व्हँकुव्हरने 1792मध्ये या जागेला उदास नाव दिलं, पण उत्तरेची आणि दक्षिणेची भरती याच परिसरात भेटते, पाणी फारसं ढवळत नाही आणि उन्हाळ्यात ते वीस अंशांच्या वर जातं. पोहायची हौस इथेच भागवून घ्या.

जॉन्स्टनच्या टोकाकडे रॉब्सन बाइट हे ऑर्का देवमाशांसाठी राखून ठेवलेलं क्षेत्र आहे, त्यात बोट न्यायची नाही. ऑर्कांपासून किती अंतर ठेवायचं याचे नियम वरचेवर कडक होताहेत. वॉशिंग्टन राज्यात 2025पासून दक्षिणेकडच्या निवासी ऑर्कांपासून 1000 यार्ड. कॅनडाचे नियम निघण्याआधी त्या वर्षीचे पाहून घ्या.

पोर्ट मॅकनील किंवा पोर्ट हार्डीला डिझेल, पाणी, किराणा पूर्ण भरा. यापुढे केप कॉशन, म्हणजे पहिला उघडा समुद्र. इथे भीती वाऱ्याइतकीच महासागराच्या फुगवट्याची. वेस्ट सी ऑटर या समुद्रात तरंगणाऱ्या, लाटा मोजणाऱ्या बोयावर लाटांची उंची आणि दोन लाटांमधला काळ बघा. दीड-दोन मीटरच्या आत आणि लांब काळाचा फुगवटा असेल तर ठीक. तीन मीटर असेल तर पोर्ट हार्डीला आणखी एक दिवस पुस्तक वाचा. स्लिंग्सबी चॅनेलच्या तोंडासमोरून ओहोटीत जाऊ नका. नाकवाक्टोच्या प्रचंड धारेतून बाहेर पडणारं पाणी तिथे फुगवट्यावर आदळतं. पहाटे निघालात की दुपारपर्यंत फ्युरी कोव्ह किंवा सेफ्टी कोव्हमध्ये पोचता.

तिथून पुढे फिट्झ ह्यू साउंड, हाइल्ट्सुक लोकांचं बेला बेला, क्लेमटू, प्रिन्सेस रॉयल बेटाच्या आतून, आणि मग ग्रेनव्हिल चॅनेल. दोन्हीकडे सरळ उभे डोंगर, मधे पंचेचाळीस मैलांची गल्ली. या भागातली जमीन तिथल्या आदिवासी समाजांची आहे. किनाऱ्यावर उतरण्याआधी विचारा. राइट साउंडजवळ 22 मार्च 2006 रोजी क्वीन ऑफ द नॉर्थ ही मोठी फेरी गिल बेटावर आदळून बुडाली. रात्रीची वेळ, ठरलेलं वळण राहून गेलं. आपण रात्री चालूच नये. इथे लाकूडतोडीचे ओंडके पाण्यात तरंगतात आणि काही उभे राहून जेमतेम टोक वर काढतात. दिवसा ते दिसतात, रात्री बोटीच्या तळाला कळतात. टगबोट लांबवर ओंडक्यांचा तराफा ओढत असेल तर दोघांच्या मधून कधीही जाऊ नका.

प्रिन्स रूपर्टनंतर दुसरा उघडा समुद्र, डिक्सन एंट्रन्स. ब्रंडिज इनलेटमध्ये रात्र काढून पहाटे निघता येतं. पलीकडे फॉगी बे हा आयता मुक्काम आहे, पण केचिकनला अमेरिकेत प्रवेशाची नोंद होण्याआधी तिथे थांबायला सीमाशुल्क खात्याची पूर्वपरवानगी लागते. प्रिन्स रूपर्टहूनच फोन करून घ्या.

नांगर

इथले किनारे पाण्याखालीही डोंगरासारखे उतरतात, त्यामुळे पंधरा-वीस मीटरवर नांगर टाकणं नेहमीचं. किती साखळी सोडायची? समजा खोली आत्ता दहा मीटर आहे, ओहोटी पूर्ण झालेली आहे. भरती पाच मीटर चढणार, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून एक मीटर वर. बेरीज सोळा. पाचपट धरली तर ऐंशी मीटर. बोटीवर तीस मीटर साखळी आणि जुना दोर असेल तर तुम्ही पुगेट साउंडपुरते तयार आहात, अलास्कापुरते नाही. शंभर मीटर साखळी-दोर आणि नेहमीपेक्षा एक माप मोठा नांगर घ्या. टाकल्यावर इंजिन मागे चालवून, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून तो बसला की नाही ते बघा.

खाडी अरुंद असेल तर बोट गोल फिरायला जागा नसते. तेव्हा नांगर खोल पाण्यात टाकून बोट मागे घ्यायची आणि मागून लांब, तरंगणारा दोर किनाऱ्यावरच्या झाडाला वळसा देऊन परत बोटीवर आणायचा. शंभर ते दोनशे मीटर दोर लागतो. झाडाला गाठ मारू नका, म्हणजे सकाळी बोटीवरूनच सोडता येतो. छोटी होडी किनाऱ्यावर ओढलीत तर भरतीच्या रेषेच्याही वर नेऊन बांधा.

नकाशाचा शून्य, म्हणजे खोली मोजायची पाण्याची पातळी, कुठे धरलाय तेही बघा. कॅनडा जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीचा धरतो, अमेरिका रोजच्या खालच्या ओहोटीच्या सरासरीचा. त्यामुळे अलास्कात पाणी नकाशाच्या आकड्याखाली जाण्याचे प्रसंग जास्त येतात. शिवाय कॅनडाचे नकाशे बहुतेक मीटरमध्ये, अमेरिकेचे फूट किंवा फॅदममध्ये.

कागदपत्रं आणि स्वयंपाक

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत एच-वन-बीवर असाल तर कॅनडाचा व्हिसा आधी काढा, आणि परत शिरताना अमेरिकेचा शिक्का वैध आहे का ते तपासा. ग्रीन कार्ड असेल तर वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. ताजी फळं, भाज्या, मांस यांवर दोन्ही बाजूंना बंधनं असतात, त्यामुळे सीमेआधी फ्रिज रिकामा करा. डाळ-तांदूळ, भाजणी, मेतकूट यांच्यावर निभावतं. प्रेशर कुकर जरूर न्या, गॅस वाचतो. शेगडीला भांडं अडकवायच्या पट्ट्या घट्ट हव्यात आणि शिट्टीच्या वेळी वरची झडप उघडी.

मासे-खेकड्यांसाठी ब्रिटिश कोलंबियात समुद्री मासेमारीचा परवाना लागतो. डंजनेस खेकड्याचं कवच 165 मिलीमीटरहून लहान असेल किंवा ती मादी असेल तर परत पाण्यात. बाकीच्यांचं मालवणी कालवण फार फक्कड होतं. शिंपल्यांच्या बाबतीत मात्र हौस आवरा. विषारी शेवाळामुळे त्यांत साठणारं विष उकळूनही जात नाही आणि त्याने श्वास बंद पडू शकतो. कोणता पट्टा बंद आहे हे मत्स्य खातं जाहीर करतं. माहिती मिळाली नाही तर खाऊच नका.

परतताना

केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. आंबोलीकरांना त्याचं काही वाटणार नाही, पण तो बारा महिन्यांत पसरलेला असतो. तिथे गाळणे बदला, कपडे वाळवा, डिझेल भरा. जुलैत परत फिरलात तर जो वायव्य वारा येताना तोंडावर होता तोच आता पाठीशी असतो, आणि शिडं खऱ्या अर्थाने इथेच उघडतात. जॉन्स्टनमध्ये मात्र उतरताना भरती धरा, म्हणजे प्रवाह आणि वारा एकाच दिशेने जातात. ऑगस्टच्या धुक्यात सकाळचे दोन-तीन तास नांगरावर काढावे लागतात, तेवढे प्रत्येक दिवसाच्या हिशेबात आधीच वजा करा. ऑगस्ट संपायच्या आत केप कॉशनच्या दक्षिणेला आलेले असाल, असं बघा.